फोटोच्या पोटातला ६, २५ आणि शून्य भागिले शून्य

फोनवर छान उभा दिसणारा फोटो लॅपटॉपवर टाकला की आडवा पडतो, हे कधीच झालं नाही असा माणूस मला अजून भेटलेला नाही. मग आपण तो फिरवतो, सेव्ह करतो, आणि दुसऱ्या कुठल्या तरी ॲपमध्ये उघडला की तो उलट्या बाजूला आडवा. यात फोनचाही दोष नाही आणि फोटोचाही नाही. फोन उभा धरला तरी आतला सेन्सर आडवाच बसवलेला असतो, त्यामुळे चित्र आडवंच लिहिलं जातं आणि सोबत एक चिठ्ठी लिहिली जाते की बाबा, दाखवताना हे घड्याळाच्या दिशेने ९० अंश फिरवून दाखव. पण चिठ्ठीत हे वाक्य नसतं. चिठ्ठीत फक्त ६ असतो.

हा ६ म्हणजे मेटाडेटा. फोटोसोबत कॅमेरा अशा शेकडो चिठ्ठ्या लिहितो, वेळ, शटर, ॲपर्चर, फ्लॅश, जागा, लेन्स, आणि त्यातल्या बहुतेक 'एक्झिफ' नावाच्या पद्धतीने लिहिलेल्या असतात. ही पद्धत जपानी इलेक्ट्रॉनिक कंपन्यांच्या संघटनेने १९९५ मध्ये आणली. तेव्हाच्या कॅमेऱ्यात मेमरी किती असायची ते आठवा, एकेक बाइट मोजून वापरायचा जमाना, तिथे 'रोटेट ९० क्लॉकवाइज' असं लांबलचक लिहीत बसणं कोणाला परवडणार. म्हणून नंबर. आणि नंबरावरून वाक्य करायचं काम, आणि नंतर वाक्यावरून परत नंबर करायचं काम, हे वाचणाऱ्या सॉफ्टवेअरच्या गळ्यात.

आता हे काम सॉफ्टवेअर कसं करतं ते बघायचं तर माझ्या मते एक्झिफटूल हे मेटाडेटा वाचणारं आणि बदलणारं सॉफ्टवेअर बघावं, फुकट आहे, कॅनडातल्या फिल हार्वे यांनी २००३ मध्ये पहिल्यांदा बाहेर काढलं, पर्लमध्ये लिहिलंय, दिसायला अगदी रुक्ष, काळ्या खिडकीत कमांड टाइप करायची, पण यातली एक गोष्ट समजली की बाकी सगळ्या सॉफ्टवेअरचं वागणं समजतं. ती गोष्ट अशी की एकाच किमतीची तीन रूपं असतात. एक कच्चं रूप, म्हणजे फाइलमध्ये जसं पडलंय तसं. दुसरं कामाचं रूप, म्हणजे ज्याच्यावर गणित करता येईल असा साधा आकडा. तिसरं बोलकं रूप, जे आपल्याला वाचायला दाखवतात. कच्च्याचं कामाचं करणं याला एक्झिफटूलमध्ये व्हॅल्यूकन्व्ह म्हणतात आणि कामाचं बोलकं करणं याला प्रिंटकन्व्ह. ही कच्चं-कामाचं-बोलकं नावं माझी आहेत, कुठे शोधू नका.

कच्च्या रूपापासून सुरुवात करू. एक्झिफमधली प्रत्येक नोंद १२ बाइटची असते. पहिल्या दोन बाइटमध्ये ही नोंद कशाची आहे त्याचा नंबर, पुढच्या दोनमध्ये ती कुठल्या प्रकारची आहे, मग चार बाइटमध्ये अशा किती किमती आहेत, आणि शेवटच्या चारमध्ये खुद्द किंमत, आणि ती चारात मावत नसेल तर फाइलमध्ये ती कुठे ठेवलीय त्याचा पत्ता. फोटो कसा धरायचा ती नोंद म्हणजे २७४, ३, १, ६. अर्थ असा की २७४ नंबरची नोंद, प्रकार ३ म्हणजे दोन बाइटचा पूर्णांक, एकच किंमत आहे, आणि ती ६.

पण हे आकडेसुद्धा सरळ वाचता येत नाहीत, कारण दोन बाइट असले की आधी मोठा वाचायचा की छोटा हा प्रश्न येतो. हा वाद मराठी माणसाला समजावून सांगायची गरज नाही. आपण पंचवीस म्हणतो, म्हणजे आधी पाच मग वीस, इंग्रजीत आधी वीस मग पाच, आणि २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'वीस पाच' असं वाचायची पद्धत आली तेव्हा केवढा गदारोळ झाला होता आठवतंय ना. कॉम्प्युटरमध्येही तेच. इंटेलच्या चिप छोटा बाइट आधी लिहायच्या, मोटोरोलाच्या मोठा आधी. म्हणून मेटाडेटाच्या तोंडाशीच दोन अक्षरं असतात, 'आय आय' असेल तर इंटेलवाली पद्धत, 'एम एम' असेल तर मोटोरोलावाली, आणि त्यानंतर ४२ हा आकडा, तो ४२ नीट वाचता आला की समजायचं आपण बरोबर बाजूने वाचतोय. हे बघितलं नाही तर काय होतं? आयएसओ, म्हणजे कॅमेरा प्रकाशाला किती संवेदनशील ठेवलाय तो आकडा, अंधारात मोठा आणि उन्हात छोटा. आयएसओ ४०० म्हणजे एक बाइट १ आणि दुसरा १४४, एक गुणिले २५६ अधिक १४४. उलटं वाचलं की १४४ गुणिले २५६ अधिक १, म्हणजे ३६८६५. भरदुपारी उन्हात काढलेल्या फोटोला आयएसओ ३६८६५ दिसला तर कॅमेऱ्याला दोष देऊ नका.

आता शटर स्पीड, म्हणजे शटर किती वेळ उघडं राहिलं ते. इथे खरी मजा आहे. १/१२५ सेकंद ही किंमत फाइलमध्ये दशांशात नसते, अपूर्णांकात असते, चार बाइटमध्ये अंश आणि चार बाइटमध्ये छेद. कुठला कॅमेरा १ आणि १२५ लिहितो, कुठला १० आणि १२५० लिहितो, दोन्ही बरोबर. हे कच्चं रूप. भागाकार केला की ०.००८, हे कामाचं रूप, यावर फोटो लहान-मोठ्या वेळेप्रमाणे लावता येतात, सरासरी काढता येते. पण फोटोग्राफरला ०.००८ सांगितलं तर तो तोंडाकडे बघत बसेल, त्याला १/१२५ हवं. म्हणून सॉफ्टवेअर परत उलटं गणित करतं, एकाला ०.००८ ने भागतं, जवळच्या पूर्णांकात आणतं आणि वर '१/' चिकटवतं. पण दोन सेकंदाच्या फोटोला १/०.५ लिहिणं वेडेपणा होईल, म्हणून कुठेतरी सीमारेषा आखावी लागते, आणि एक्झिफटूलने ती पाव सेकंदावर आखलीय. पाव किंवा त्याहून कमी असेल तर अपूर्णांक, जास्त असेल तर दशांश, ०.३, ०.५, २ असं. ज्यांच्या आजोबांना पावकी-निमकी पाठ होती त्यांना ही सीमा आवडेल.

अपूर्णांकाचा एक त्रास म्हणजे छेदात शून्य. जुनी मॅन्युअल लेन्स लावली असेल तर कॅमेऱ्याला तिचं ॲपर्चर, म्हणजे प्रकाश आत येण्याचं भोक किती मोठं ते, कळत नाही, आणि 'माहीत नाही' हे लिहायला एक्झिफच्या नियमातच सोय आहे, शून्य भागिले शून्य लिहा. म्हणजे ही चूक नाही, हे अधिकृत उत्तर आहे! ज्या प्रोग्रामरला हे माहीत नसतं तो सरळ भागाकार करतो आणि प्रोग्राम धाडकन पडतो. एक्झिफटूल कामाच्या रूपात 'अनडिफाइन्ड'चं छोटं रूप देतं आणि लेन्सच्या बोलक्या वर्णनात त्या जागी प्रश्नचिन्ह छापतं, जे मला तरी सगळ्यात प्रामाणिक वाटतं.

त्याच फाइलमध्ये शटर स्पीडची अजून एक नोंद असते आणि ती वाचून नवखा माणूस हमखास चक्रावतो. तिचं कच्चं रूप ६.९६ किंवा ७ असं काहीतरी असतं. हे १९६० च्या सुमाराच्या एपेक्स नावाच्या पद्धतीतलं आहे, तेव्हा गुणाकार टाळायला लॉगरिदम वापरायचे, प्रकाश दुप्पट-निम्मा झाला की आकडा एकाने कमी-जास्त, म्हणजे फोटोवर किती प्रकाश पडू द्यायचा, ते एक्स्पोजर, नुसत्या बेरीज-वजाबाकीवर काढता यायचं. आता ६.९६५७८ वरून सेकंद काढायचे तर २ चा उणे ६.९६५७८ वा घात घ्यायचा, येतात ०.००८, आणि मग वरच्यासारखं १/१२५. पण बरेच कॅमेरे ७ असा गोल आकडा लिहून मोकळे होतात, आणि दोनाचा सातवा घात १२८, म्हणून एकाच फोटोत एका ओळीवर १/१२५ आणि दुसऱ्या ओळीवर १/१२८ दिसतं. दोघांपैकी खरं कोण असं विचाराल तर पहिल्याच ओळीवर विश्वास ठेवा, दुसरी गोल केलेली असू शकते.

फ्लॅशची नोंद वेगळ्याच जातीची. इथे २५ दिसलं तर पंचवीस काहीतरी मोजलंय असं नाही. हा घरातला स्विचबोर्ड समजा, प्रत्येक बटणाला एक किंमत, १, २, ४, ८, १६, ३२, ६४, आणि चालू असलेल्या बटणांची बेरीज म्हणजे नोंद. १ चं बटण म्हणजे फ्लॅश खरोखर उडाला. ८ आणि १६ ही दोन बटणं मिळून वाचायची, फक्त ८ म्हणजे जबरदस्तीने चालू, फक्त १६ म्हणजे जबरदस्तीने बंद, दोन्ही म्हणजे ऑटो. ६४ म्हणजे डोळे लाल येऊ नयेत ती सोय. तर २५ म्हणजे १६ अधिक ८ अधिक १, ऑटोवर होता आणि उडाला. ८९ म्हणजे त्यातच ६४ मिळवले, लाल डोळ्यांची सोयही चालू. आणि २४ म्हणजे ऑटोवर होता पण उडाला नाही. यात एक चूक नवखे प्रोग्रामर हमखास करतात, ते लिहितात की आकडा शून्य नसेल तर फ्लॅश उडाला असं दाखव. मग दुपारी समुद्रावर काढलेले २४ वाले सगळे फोटो 'फ्लॅश मारून काढलेले' होतात. बघायचं असतं फक्त १ चं बटण, म्हणजे आकडा विषम आहे का.

काही नोंदी मात्र नुसत्या कोष्टकावर चालतात, ६ म्हणजे हे, ८ म्हणजे ते, तिथे फार सांगण्यासारखं नाही, कोष्टकात नसलेला आकडा आला तर एक्झिफटूल 'अननोन' लिहून कंसात तो आकडाच देतं, आणि ते कंसातलं परत आत लिहितानाही ओळखतं. गोंधळ होतो तो लेन्सच्या नावात. कॅननच्या फाइलमध्ये लेन्सचा नंबर असतो, पण सिग्मा, टॅमरॉनसारख्या कंपन्यांनी आपल्या लेन्सना कॅननचेच काही नंबर दिले, कॅमेऱ्याला पटावं म्हणून. त्यामुळे एका नंबरावर पाच-सहा लेन्स. सॉफ्टवेअर मग झूमची रेंज आणि ॲपर्चर जुळवून अंदाज बांधतं. म्हणजे 'बोलकं रूप' हे कधी कधी भाषांतर नसतं, अंदाज असतो, आणि स्क्रीनवर दोन्ही सारखंच ठामपणे छापलेलं असतं.

जागेचं बघू, कारण इथली चूक नकाशावर दिसते. अक्षांश म्हणजे तीन अपूर्णांक, अंश, मिनिटं, सेकंद. शनिवारवाड्याजवळ काढलेल्या फोटोत साधारण १८ अंश, ३१ मिनिटं, १०.२ सेकंद असं असेल. कामाचं रूप करायचं तर मिनिटांना ६० ने आणि सेकंदांना ३६०० ने भागून बेरीज, १८.५१९५. रेखांश ७३ अंश ५१ मिनिटं १९ सेकंद, म्हणजे ७३.८५५. आता कोणी घाईघाईत मिनिटांच्या जागी नुसता दशांश मारला, १८.३१ आणि ७३.५१, तर फोटो चाळीसएक किलोमीटर नैर्ऋत्येला सरकतो, थेट सह्याद्रीच्या डोंगरात, रायगड-तोरण्याच्या बाजूला. मध्यवस्तीतून एकदम घाटमाथ्यावर, आणि ट्रेकही न करता.

याहून मोठी उडी उत्तर-दक्षिण, पूर्व-पश्चिममुळे बसते. एक्झिफमध्ये अक्षांश-रेखांश कधीच उणे नसतात, दिशेचं अक्षर वेगळ्या नोंदीत असतं. भारतात आपण उत्तर आणि पूर्व, दोन्ही अधिक, म्हणून आपला प्रोग्राम ते अक्षर न वाचताही वर्षानुवर्षं बरोबर चालतो आणि कोणाला पत्ता लागत नाही. मग न्यू जर्सीतल्या एडिसनमधून चुलतभाऊ गणपतीचे फोटो पाठवतो, साडेचाळीस अंश उत्तर, साडेचौऱ्याहत्तरच्या आसपास पश्चिम, ते पश्चिमेचं अक्षर गाळलं की बाप्पा किरगिझस्तानात! सिडनीच्या मंडळाचे फोटो जपानच्या पूर्वेला पॅसिफिकमध्ये, म्हणजे विसर्जन आधीच झालं. एक्झिफटूल यासाठी मूळ नोंद आणि दिशेचं अक्षर जोडून तिसरी, जोडनोंद तयार करतं आणि तिच्यात उणे चिन्ह लावतं, पण मूळ नोंद तशीच अधिक ठेवतं, त्यामुळे कोणती उचलताय ते बघून उचला.

वेळेचं थोडक्यात. तारीख एक्झिफमध्ये अक्षरांतच असते, वर्ष-महिना-दिवसामध्येही अपूर्णविराम, २०२४:१०:३१ असं, त्यामुळे बऱ्याच प्रोग्रामना ती तारीख वाटतच नाही. आणि ती कुठल्या देशाची वेळ हे लिहायची सोय २०१६ पर्यंत नव्हतीच. जीपीएसची वेळ मात्र कायम जागतिक प्रमाणवेळेत, आपल्या साडेपाच तास मागे. नरक चतुर्दशीला पहाटे पाच वाजता उटणं लावलेल्या पोरांचा फोटो काढा, कॅमेऱ्याची तारीख आजची आणि जीपीएसची आदल्या रात्रीची साडेअकराची. दोन्ही खऱ्या.

इथपर्यंत सगळा प्रवास आतून बाहेर होता. खरा घोळ उलट्या प्रवासात होतो, म्हणजे तुम्ही बोलकं काहीतरी लिहिता आणि सॉफ्टवेअरला त्याचं कच्चं करायचं असतं.

समजा फोटोची दिशा ८ करायची आहे, ८ म्हणजे घड्याळाच्या दिशेने २७० अंश. तुम्ही एक्झिफटूलला सांगता, दिशा बरोबर ८. ते काही तक्रार न करता 'एक फाइल बदलली' म्हणतं, तुम्ही उघडता तर फोटो शीर्षासनात. कारण तुम्ही वेगळं काही सांगितलं नसेल तर ते धरून चालतं की तुम्ही बोलक्या भाषेत बोलताय. मग ते कोष्टकातल्या वाक्यांमध्ये '८' शोधतं. आधी हुबेहूब तसं वाक्य, ते नाही, मग लहान-मोठी अक्षरं सोडून हुबेहूब, नाही, मग ८ ने सुरू होणारं, नाही, मग कुठेही ८ असलेलं, आणि आठ वाक्यांपैकी ८ हा आकडा फक्त एकाच वाक्यात आहे, 'रोटेट १८०'. सापडलं! लिहिले ३. असंच १ सांगितलं तरी होतं, १ म्हणजे खरं तर 'सरळ आहे, हात लावू नका', पण १ हा आकडाही १८० मध्येच सापडतो, त्यामुळे तोही उलटा. आणि गंमत म्हणजे ६ सांगितलं तर ते कुठल्याच वाक्यात नाही, म्हणून तिथे तेवढा इशारा मिळतो आणि फाइल बचावते. अर्धवट शब्द लिहिले तरी चालावं म्हणून केलेली ही सोय आहे, आणि 'हॉरिझ' एवढंच लिहून काम होतं तेव्हा ती आवडतेही.

यावर उपाय म्हणजे हायफन एन हा पर्याय, तो दिला की बोलकं रूप बंद, वाचतानाही आकडे आणि लिहितानाही आकडे. एकाच नोंदीपुरतं हवं असेल तर नोंदीच्या नावाला शेवटी हॅश लावायचा. पण इथे एक गैरसमज आहे, लोक म्हणतात हायफन एन दिला की 'रॉ' किंमत मिळते. नाही, मिळते ती मधली, कामाची. ते एपेक्सवालं ६.९६ तुम्हाला तिथे दिसणार नाही, ०.००८ दिसेल, अक्षांशाचे तीन अपूर्णांक दिसणार नाहीत, १८.५१९५ दिसेल. आणि स्क्रिप्ट, म्हणजे आपोआप चालणारी कमांडची यादी, लिहिणाऱ्याला तेच हवं असतं. बोलक्या वाक्यावर 'जर फ्लॅश ऑटो आणि उडाला' असं लिहून स्क्रिप्ट चालवली तर कोणी तरी भाषा बदलली की बंद पडते, कारण एक्झिफटूल जर्मन, फ्रेंच, जपानी अशा बऱ्याच भाषांत बोलतं (मराठीत नाही, कोणी मनावर घ्या). २५ हा आकडा सगळ्या भाषांत २५ च.

परतीच्या वाटेत थोडं सांडतंही. बोलक्या अक्षांशात सेकंद दोन दशांशांपर्यंत छापलेले असतात, सेकंदाचा शंभरावा भाग म्हणजे जमिनीवर फूटभर, तेवढं गेलं तर जाऊ दे. पण कोणी १८.५२ एवढंच कॉपी करून परत लिहिलं तर अर्धा किलोमीटर इकडे-तिकडे होऊ शकतो. एकदा गोल केलेल्या आकड्यातून मूळ आकडा परत येत नाही, दूध तापून उतू गेल्यासारखं आहे ते.

आणि शेवटी आपल्या लिपीचं. एक्झिफच्या अक्षरांच्या नोंदी मुळात इंग्रजीपुरत्या होत्या, यूटीएफ-८, म्हणजे सगळ्या लिप्या बाइटमध्ये लिहायची पद्धत, हा अधिकृत प्रकार थेट २०२३ मध्ये, तिसऱ्या आवृत्तीत आला. त्याआधीही लोक मराठी लिहायचेच, पण नशिबावर. यूटीएफ-८ मध्ये 'म' म्हणजे तीन बाइट, २२४, १६४, १७४. वाचणाऱ्या सॉफ्टवेअरला हे माहीत नसेल तर ते एका 'म' ची तीन वेगळी चिन्हं करतं, डोक्यावर तिरकी रेघ असलेला इंग्रजी 'ए' वगैरे, ते सगळ्यांनी कधी ना कधी बघितलंय. वृत्तपत्रांच्या फोटोंसाठी आयपीटीसी नावाची जुनी पद्धत आहे, तिच्यात फोटोग्राफरच्या नावाला ३२ बाइटची मर्यादा. इंग्रजीत ३२ अक्षरं, म्हणजे नाव-आडनाव आरामात. देवनागरीत प्रत्येक अक्षराला, काना-मात्रेला, पाय मोडण्यालाही तीन-तीन बाइट, म्हणजे फक्त दहा खुणा. 'ज्ञानेश्वर' लिहून बघा, ज, हलन्त, ञ, काना, न, मात्रा, श, हलन्त, व, र. बरोबर दहा, तीस बाइट. उरलेल्या दोन बाइटमध्ये एक स्पेस मावते, आडनावाचं पहिलं अक्षरही मावत नाही. नियम पाळणारं सॉफ्टवेअर तिथेच कापतं, न पाळणारं पूर्ण लिहितं आणि पुढच्यावर सोडून देतं, आणि बरीच सॉफ्टवेअरं नाव दोन ठिकाणी लिहितात, जुन्या जागी 'ज्ञानेश्वर' पर्यंत आणि एक्सएमपी नावाच्या नव्या जागी आडनावासकट.